काशिरा

पडद्यावर गाडीच्या दाराला लागणाऱ्या रबरी पट्टीचं चित्र स्थिरावलं होतं, त्या पट्टीवरच्या एका फिकट जागेवर लाल टिंब थरथरत होतं, आणि ते टिंब धरून ठेवणारा संघर्षचा हात हवेत तसाच राहिला होता. टेबलाच्या त्या टोकाला बसलेले हिराबायाशी-सान, या आठवड्यापुरते जपानहून आलेले संचालक, कप ओठांपाशी नेऊन थबकले होते. त्यांच्या शेजारचा तरुण अधिकारी खाली टेबलाकडे पाहत होता, आणि टेबलावर पाहण्यासारखं काही नाही हे त्याच्या ताठ मानेवरून कळत होतं. मनुष्यबळ विभागाचे निरंजन सर हसत होते, कारण त्यांना जपानी येत नव्हतं. चाकणच्या या कारखान्यातल्या या थंडगार खोलीत नेमकं काय घडलं ते फक्त त्या दोघा पाहुण्यांना कळलं होतं, आणि दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या इरमला. संघर्षला एवढंच कळलं होतं की काहीतरी घडलं आहे, आणि ते त्याच्या तोंडून घडलं आहे.

वाक्य तसं निर्दोष होतं. 'कोनो बुबुन वा सुकोशी योवाई नो काशिरा,' तो म्हणाला होता. हा भाग थोडा कमकुवत असावा की काय. व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकाला त्यावर बोट ठेवता आलं नसतं. पण 'काशिरा' हा शब्द पुरुषांच्या ओठांवर सहसा मुक्कामाला येत नाही. साठीकडे झुकलेल्या, चांगल्या घरातल्या बायका तो वापरतात. शंका बोलून तर दाखवायची असते, पण तिचा भार समोरच्यावर टाकायचा नसतो, तेव्हा. दाट दाढीचा, इस्त्रीच्या शर्टातला एखादा इंजिनिअर भर बैठकीत म्हणाला असता, 'हा भाग जरा कच्चाच राहिला की काय गं बाई,' तर जे झालं असतं ते झालं होतं. आणि केवळ शब्दच नव्हे. त्या शब्दावर येताना आवाज जो हलकेच उतरला, मान जी किंचित डावीकडे कलली, श्वास जो वाक्य संपल्यावरही क्षणभर बाहेर रेंगाळला, ते सगळं इरमच्या ओळखीचं होतं. संघर्षच्या गळ्यातून इरमला जपानी शिकवणाऱ्या मिझुगुचीबाई बोलल्या होत्या. आणि मिझुगुचीबाई तिथवर पोचल्या होत्या त्या इरमच्या तोंडातून.

हिराबायाशींनी कप बशीत ठेवला आणि ते हसले. त्या हसण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता, त्यामुळेच ते परतवता येण्यासारखं नव्हतं. "फार सुरेख बोलता," ते जपानीत म्हणाले. "कोणत्या घरच्या बाईसाहेबांनी शिकवलं?" संघर्षला प्रश्नातला शब्दन् शब्द कळला, प्रश्नाचं स्मित मात्र कळलं नाही. त्यानं दाराकडे पाहिलं. पापणी लवण्याएवढाच वेळ. पण तेवढ्यात इरमला आपलं नाव त्याच्या घशातून वर चढताना जाणवलं, जसं लिफ्टच्या बंद दारामागून कुणीतरी येतंय हे जाणवतं. मग त्याची नजर पडद्यावर परतली. "हितोरी दे," तो म्हणाला. एकट्यानं. हिराबायाशींनी मान डोलावली, बराच वेळ डोलावली, आणि 'काशिरा' माणूस एकट्यानं शिकू शकत नाही हे ठाऊक असलेल्या माणसाच्या सौजन्यानं पुढचं चित्र दाखवायला सांगितलं.

ट्रे घेऊन ती बाहेर आली. लांबच लांब व्हरांड्यात रबराचा जळकट, गोडसर वास होता. या वासाची नाकाला सवय होते असं म्हणतात. पण आज तो जिभेवर बसल्यासारखा वाटत होता. तिला रडू आलं नव्हतं. तिला हसू येत होतं, आणि ते हसू कुणाचं आहे हे तिला ओळखता येत नव्हतं. भर वर्गात तिच्याभोवती एकदा असंच हसू उठलं होतं. थेरगावच्या मराठी शाळेत बाईंनी विचारलं होतं, गृहपाठ केला का, आणि ती उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली होती, "व्हय बाई, पर आमी वही आनली न्हाई." घरी दखनी बोलणारी, युसुफ मेकॅनिकची पोर, तिच्या तोंडून डोंगरपायथ्याची, शेणामातीत मुरलेली मराठी ऐकून वर्ग फुटला होता. ती मराठी गिरजाबाईंची होती. गावाची वस्ती झाली, वस्तीचं शहर झालं, तरी गिरजाबाई आपल्या पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून निवडणं-टिपणं करताना शेजारच्या या पोरीशी अखंड बोलत राहायच्या, आणि पोर बोललेलं बोलून दाखवायची. वर्गात हसले हे तिनं सांगितलं तेव्हा गिरजाबाई हरभऱ्याचे घाटे सोलत म्हणाल्या होत्या, "हसू दे की. त्यास्नी घरात कोन बोलत न्हाई आसंल." पण इरमनं तोंड बदललं. बाईंच्या ओठांकडे पाहून पाहून तिनं दुसरी मराठी घडवली, इतकी धुतलेली की आता कंपनीत लोक कौतुकानं म्हणतात, बोलण्यावरून वाटतच नाही हं तुम्ही मुस्लिम आहात. ती 'थँक्यू' म्हणते. ते तिसऱ्याच भाषेत असल्यामुळे बोचत नाही.

तर ती हे जाणून होती. दुसऱ्याच्या तोंडून घेतलेली भाषा त्याच्या तोंडाचा आकार घेऊन येते. त्याचं गाव, त्याचं वय, त्याचं बाईपण किंवा पुरुषपण, त्याच्या पडलेल्या दातांमधली फट, सगळं. बोलल्याशिवाय भाषा येत नाही, हे सगळेच सांगतात. बोलल्यावर ती कुणाची येते, हे कुणी सांगत नाही.

मिझुगुचीबाईंना शिष्या नकोच होती. पुनावळ्याच्या त्या उंच इमारतीत, जिच्या खिडकीतून खाली नव्या इमारतींच्या पायांचे खड्डे आणि त्यांच्यामध्ये चुकून उरलेलं एक मेथीचं वावर दिसे, त्यांना उत्तर देणारं कुणीतरी हवं होतं. नवरा सकाळी चाकणला जाई. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर युसुफच्या गॅरेजवर येणारा. त्याच्या ओळखीनं इरम बाईंच्या सोबतीला लागली: भाजीला, शिंप्याकडे, दाताच्या डॉक्टरकडे. आधी खुणा. मग बाई वांगं उचलून म्हणत, 'नासु', इरम म्हणे, 'नासु', आणि बाईंच्या चेहऱ्यावर असं काही उमटे की ते पुन्हा पाहावं म्हणून ती भोपळ्याचं, आल्याचं, पावसाचं, कंटाळ्याचं नाव विचारी. नियम बाईंनी कधी सांगितला नाही. इरम चुकायची, बाई तेच वाक्य नीट करून परत करायच्या, जसा कुणी आपल्या अंगावरून घसरलेला पदर न बोलता सारखा करतो. एकदाच त्यांनी थांबवलं. टीव्हीवरच्या कुठल्याशा कार्टूनमधून उचलून इरम स्वतःला 'ओरे' म्हणाली, पुरुषी रांगडं 'मी', तेव्हा बाई डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या आणि तिच्या तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "इरम-चान, ते सुताराच्या तोंडचं. आपल्या तोंडी नाही." त्या हाताला तांदळाच्या वाफेचा वास होता. म्हणजे बायकांची वाक्यं वेगळी संपतात आणि पुरुषांची वेगळी, हे इरमला त्या दुपारपासून ठाऊक होतं. कुणी विचारलंच तर 'ठाऊक नव्हतं' म्हणायला जागा नव्हती.

बाई जपानला परत गेल्या. जाताना त्यांनी नवऱ्याकरवी शब्द टाकला, आणि इरम कारखान्यात पाहुण्यांच्या व्यवस्थेला लागली. जपानी पाहुणे तिच्याशी बोलून चकित होत आणि मग चहा मागत. जपानीच्या परीक्षेला ती बसली होती. प्रश्नपत्रिकेवरच्या चित्रलिपीतल्या अक्षरांच्या रांगा तिला नव्या इमारतींच्या बंद खिडक्यांसारख्या दिसल्या. आत कुणीतरी राहत होतं, तिला ओळखणारं, पण बेल कुठे ते सापडत नव्हतं. ती नापास झाली. म्हणून जपानच्या मूळ कारखान्यात वर्षभरासाठी एक माणूस पाठवणार, दोन्हीकडच्या लोकांमध्ये दुवा म्हणून, परीक्षेचं प्रमाणपत्र आवश्यक, अशी सूचना लागली तेव्हा तिनं ती वाचली आणि पुढे गेली. संघर्ष मात्र त्या सूचनेसमोर उभा होता. गुणवत्ता विभागातला, पिंपरीच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या कामगाराचा मुलगा, रविवारच्या जपानीच्या वर्गातला पहिला नंबर, प्रमाणपत्र दोन पातळ्यांचं. आणि तोंड कुलूपबंद. "मला सगळं येतं," तो तिला म्हणाला होता, "फक्त बोलता येत नाही." हे सांगताना तो इतका लाजला होता की तिला हसणं अशक्य झालं.

कंपनीची बस डांगे चौकातून सुटे. मोशी ओलांडेपर्यंत मराठी बंद, फक्त जपानी, असं तिनंच ठरवलं. सुरुवातीला तो वाक्य मनात बांधी, विटेवर वीट, आणि ते उभं राहीपर्यंत विषय मागे पडलेला असे. भोसरीच्या पुलाखाली पाहिलेल्या घोड्याविषयीचं त्याचं मत नाशिक रस्त्याच्या अर्ध्यावर उगवे. ती वैतागे. "आधी तोंड उघड. वाक्य येतं मागून."

"आणि नाही आलं तर?"

"तर उघड्या तोंडानं बस. निदान हवा लागेल."

मागच्या आसनावरून स्टोअरचा ज्ञानेश ओरडे, "भावा, आज कुठवर आलं तुमचं विमान? का अजून कासारवाडीतच?" बस हसे. आणि त्या हसण्यातच कधीतरी कुलूप निघालं. एका सकाळी संघर्ष थांबला नाही. चुकला, चुकीवरून घसरला, उठला, पुढे गेला. वडिलांविषयी बोलू लागला. साहेबासमोर टोपी हातात घेऊन उभे राहणारे वडील, जे आयुष्यभर कारखान्याच्या शॉपमध्ये मान हलवून काम भागवत आले आणि घरी येऊन भिंतीशी भांडत. मराठीत हे त्यानं कुणालाच सांगितलं नसावं. परक्या भाषेत शब्द थोडे, म्हणून लाजही थोडी. तिथे माणूस लहान मुलासारखा खरं बोलून जातो. इरमनं त्याला गिरजाबाईंचं सांगितलं. खिडकीबाहेर मालमोटारींची ओळ खोळंबलेली असे, धूळ काचेवर चढत असे, आणि दोघं एका तिसऱ्याच घरात बसल्यासारखी बोलत असत, ज्या घरात ना त्याचं आडनाव होतं ना तिचं. त्याला ते घर हवं होतं जपानला जायला. तिला कशाला हवं होतं, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

त्याच्या वाक्याच्या शेवटी मृदू, बायकी 'वा' पहिल्यांदा आला तेव्हा काय झालं, हे ती आज व्हरांड्याच्या खिडकीशी उभी राहून पुन्हा पुन्हा तपासत होती. ऐकलं होतं. नक्की ऐकलं होतं. अंगावर शहारा आला होता, कारण पुनावळ्याची ती खोली, ती वाफ, तो तोंडावरचा हात, सगळं त्या खरखरीत पुरुषी आवाजातून चालत आलं होतं. आता सांगावं, असं वाटलं होतं. मग मोशी आली होती. दुसऱ्या दिवशी 'नो यो' आलं, मग 'आरा', मग 'काशिरा', एकेक करून, जशा एखाद्या घरातल्या बायका पाहुणा निरुपद्रवी आहे हे कळल्यावर पडद्याआडून बाहेर येतात. तो बोलत सुटला होता. मध्येच थांबवलं तर पुन्हा कुलूप लागेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी काही होतं, आणि त्याच्याकडे ती पाहत नव्हती. प्रमाणपत्र त्याचं, विमान त्याचं, थंडीतला कोट त्याचा. तिचं काय जाणार होतं तिथे? हा आवाज. ती कधी पाहणार नाही अशा गावात, तिला कधी भेटणार नाहीत अशा माणसांसमोर, तिच्या वाक्यांची चढउतार चालत जाणार होती. ते तिला हवं होतं का? की संघर्ष तोंडघशी पडावा असं हवं होतं? की हे दोन्ही ती आत्ता, या क्षणी, 'हितोरी दे' ऐकल्यानंतर रचत होती? मन दोन्ही बाजूंचे साक्षीदार स्वतःच उभे करतं आणि मग त्यांची उलटतपासणी घ्यायला विसरतं.

दुपारी निरंजन सरांनी तिला बोलावलं. "पाहुणे खूश आहेत. जेवणाचं चांगलं केलंस." मग कागद सारखे करत, सहज, "तो संघर्ष बोलला बरा, पण ते साहेब म्हणाले की पुरवठादारांसमोर उभा करण्याजोगा नाही अजून. आणखी वर्षभर सराव करू दे, मग बघू. काहीतरी बायकी की काय बोलतो म्हणे. खरं का गं? तुला कळतं ना ते?" तिनं मान हलवली, होकाराची की नकाराची, हे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी पुढे सांगितलं की यंदा पुण्याच्या ऑफिसमधल्या कुणाला तरी पाठवताहेत.

बातमी कॅन्टीनमध्ये तिच्या आधी पोचली होती. तरुण अधिकाऱ्यानं दुपारी कुणाला तरी मोडक्या इंग्रजीत किस्सा सांगितला होता, त्या कुणीतरी तो शॉपवर नेला होता, आणि शॉपवर 'काशिरा'चं जे व्हायचं तेच झालं होतं. "या काशीबाई, बसा," ज्ञानेश बाक पुसल्यासारखं करत म्हणाला. "भाकरी घ्या की थोडी." कुणीतरी डोक्यावरून रुमाल पदरासारखा घेतला. संघर्ष ताट घेऊन उभा होता. तो हसला, वडील हसत असतील तसा, मान हलवून, काम भागवून. मग ज्ञानेशलाच वाटलं असावं की जास्त झालं. "राव, मनावर नको घेऊ. मजा करतोय." संघर्षनं ताट तसंच नेऊन ठेवलं. इरम हात धुण्याच्या नळापाशी होती. पाणी सुटलेलं होतं आणि ती ते बंद करत नव्हती.

संध्याकाळी बस तळेगाव चौकाच्या अलीकडे अडकली. नेहमीचंच; पुढे कंटेनर आडवा झाला होता, हॉर्नचा एक सलग, अर्थहीन स्वर तापलेल्या हवेत उभा होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि लोक पाय मोकळे करायला, चहाला उतरले. इरमही उतरली. रस्त्याकडेच्या टपरीमागे, टायरच्या ढिगापाशी, संघर्ष तिच्यामागून आला. दिवसभरात पहिल्यांदाच तो जवळ आला होता, आणि मराठीत बोलला.

"मी मोबाईलवर बघितलं दुपारी," तो म्हणाला. "त्या शब्दाचं."

तिनं ओढणीवरची धूळ झटकली.

"तुझं नाव मुद्दाम नाही घेतलं. तुझ्या लक्षात येतंय ना? बसमधले आधीच काय काय बोलतात. तू, मी... तुझ्या घरी कळलं असतं तर? तुझं नाव मध्ये यायला नको, म्हणून म्हटलं, एकट्यानं शिकलो."

हे खरं असेल, तिला वाटलं. अर्धं तरी असेल. आणि तेच अधिक कडू होतं. निव्वळ चोरी असती तर तिला चोराकडे तरी पाहता आलं असतं. इथे तिचा आवाज तिच्याच अब्रूच्या नावानं पुसला गेला होता. त्याच्या कपाळावर धुळीची रेष होती. तो वाट पाहत होता. तिनं 'बरं केलंस' म्हणावं, किंवा भांडावं, यातलं काहीही त्याला चाललं असतं.

"घरी काय सांगू आता मी?" तो म्हणाला. "बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आईनं स्वेटर विणायला घेतलाय, त्यांना वाटतं तिथं वर्षभर बर्फच." मग त्याचा आवाज खाली आला, अगदी सरळ झाला, त्यात कुणाचीच चढउतार उरली नाही. "इरम, एकच विचारतो. रोज ऐकत होतीस तू. शेजारी बसून. तुला बारीकसारीक सगळं कळतं. माझा 'त' चुकला तरी टोकायचीस. हे तुला कळत होतं ना?"

पुढे कुठेतरी कंटेनर हलला असावा. रांगेतली इंजिनं एकामागून एक जागी होऊ लागली. चहाचे कप टाकून लोक बसकडे धावले. ज्ञानेश दारात लोंबकळून हाका मारू लागला, "ओ, चला, का इथंच संसार मांडताय?" संघर्ष हलला नाही. त्यानं दाराकडे पाहिलंही नाही. तो तिच्या ओठांकडे पाहत होता, शब्द शिकताना पाहायचा तसा, तो फुटण्याआधीच त्याचा आकार पकडायला उत्सुक.

तिचे ओठ उघडले, 'हो'च्या आकाराचे झाले, आणि आवाज न करता मिटले. ओढणी तिनं खांद्यावरून घट्ट घेतली, बसच्या उघड्या दाराला पाठ केली, आणि सरकू लागलेल्या मालमोटारींच्या कडेकडेनं, धुळीतून, मोशीच्या दिशेनं ती चालू लागली.